आब्रामचा डावा पाय

ब्लूमेनफेल्ट, चुई खोरे, किर्गिझस्तान
सोमवार, ६ ऑक्टोबर २००३

प्रभूमध्ये प्रिय आगाथे,

तुला, मेहुण्यांना आणि मुलांना दादाचा सलाम. इथे आम्ही सगळे प्रभूच्या कृपेने ठीक आहोत. सगळे म्हणजे मी, गाय आणि दोन कोंबड्या. तिसरी काल शेवयांच्या सारात गेली.

तुझं पत्र मिळालं. "दादा, हिवाळ्याआधी कायमचा जर्मनीला येतोस की नाही, एका शब्दात कळव," म्हणतेस. अगं, एका शब्दात मी जन्मात काही सांगितलंय का? आधी आपल्या चर्चच्या मंडळीची बातमी ऐक.

ऑगस्टअखेर प्रभुभोजन झालं आणि मग रिवाजाप्रमाणे पाय धुणं. एका बाकावर शेजारी बसलेल्यांनी एकमेकांचे पाय धुवायचे. आपले लोक तुला ठाऊकच आहेत. शनिवारी घरी दगडाने टाचा घासतात, रविवारी कोरे मोजे चढवतात, आणि मग प्रभूसारखे नम्र होऊन ते चकचकीत पाय बंधूपुढे धरतात. माझीही तयारी होती. धास्ती एकच, शेजारी आब्राम यायला नको.

आब्रामबद्दल तुला काय सांगू? कुंपण एक, पण जमत कशातच नाही. त्याची बदकं आमच्या पाटात लोळतात. गाण्यात तो सगळ्या मंडळीच्या अर्धी ओळ मागे असतो, तेही बैलाच्या आवाजात, आणि वर म्हणतो, "तुम्हाला देवाच्या घरीसुद्धा घाई!" तो नेहमी पुढे बसतो, म्हणून मी गुपचूप शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. डोळे मिटून प्रार्थना केली. उघडले, तर शेजारी आब्राम! मला टाळायला तोही मागे आला होता.

घंगाळ आलं. मी गुडघे टेकले. त्याने उजवा पाय पुढे केला.

"डावा?" मी म्हणालो.

"डावा राहू दे."

"अर्धा माणूस धुतलेला ऐकलायस कधी?"

"कोर्नेलियुस, गप धू. लोक बघतायत."

लोक माना खाली घालून एकेका डोळ्याने बघतच होते. मी मोजा ओढला. तो निघेना. चिकटला होता. पाणी लावून लावून सोडवला, तर आगाथे, खाली अंगठ्याशी भलीमोठी जखम, काळी पडलेली. वास मला आधीच आला होता, पण मला वाटलं बदकांचा असेल.

आब्राम कानाशी कुजबुजला, "कोणाला बोलू नकोस. मुलांना कळलं तर मला जर्मनीला नेतील. तिकडे माझं कोण ऐकून घेणार?"

मी बोललो नाही, पण दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ओढत नेलं. आपली किर्गिझ नर्स बुरुल जखम बघून, रक्त तपासून म्हणाली, "साखर वाढलीय. रोज सकाळ-संध्याकाळ पाय धुवायचा, कोरडा करायचा, पट्टी बांधायची. नाहीतर कापावा लागेल. घरी कोण आहे?"

"मी आहे की," आब्राम म्हणाला.

"वाकून दाखवा."

आब्राम गुडघ्यापर्यंत पोचला आणि तिथेच अडकला. बुरुलने माझ्याकडे पाहिलं. "हे कोण? भाऊ?"

"देव न करो!" आम्ही दोघं एकदमच म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्या मागे पडला नाही.

मी घरी येऊन प्रार्थनेला बसलो. म्हटलं, प्रभू, आधी या माणसाबद्दल पोटात थोडी प्रीती घाल, मग धुतो पाय. बराच वेळ थांबलो. पोटात भुकेशिवाय काही आलं नाही. शेवटी घंगाळ उचललं आणि गेलो.

तेव्हापासून दोन्ही वेळा जातो. तो म्हणतो पाणी गार, मी म्हणतो तुझं डोकं गरम. पट्टी बांधताना तो गातो, अर्थातच मागे राहून, आणि मला त्याच्यासाठी थांबावं लागतं. तो मला अजूनही आवडत नाही. पण परवा पहाटे जाग आली ती या काळजीने, की हा वेडा माझी वाट न पाहता अनवाणी अंगणात तर उतरला नसेल? प्रीती म्हणजे शेगडीसारखी ऊब असते, ती आली की माणूस कामाला लागतो, असं मी समजत होतो. आपला प्रभू तर ज्या शिष्याने त्याला वैऱ्यांच्या हाती धरून दिलं, त्याचेही पाय धुवायला घंगाळ घेऊन बसला होता. तेव्हा त्याला काय फार ऊब वाटली असेल?

बुरुल म्हणते, जखम भरतेय. पण हा पाय आता कायम बघावा लागेल. हिवाळाभर, आणि पुढेही.

मला माहीत आहे तू माझ्यासाठी माडीवरची खोली रंगवून घेतलीस, खिडकीला पडदे शिवलेस. आगाथे, तुझ्या हातचं जेवण, संध्याकाळी तुझ्याशी आपल्या आईच्या बोलीत गप्पा, याहून मला या वयात काय हवंय? पत्रात मुद्दाम कोंबडीपासून सुरुवात केली, कारण हे लिहायला हात धजत नव्हता.

तू एक शब्द मागितलास. नाही.

रडू नकोस. रागावलीस तर चालेल, राग लवकर उतरतो. आब्रामला हे सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो म्हणेल, जा की, तुला कोणी धरलंय? आणि मग मी खरंच जाईन, या भीतीने दिवसभर गाणार नाही.

आवडत्या बहिणीला सोडून नावडत्या शेजाऱ्यापाशी राहिलेला,
तुझाच दादा,
कोर्नेलियुस