कार्डाचं नाव बदललं, फोटो हरवले

गुरुवार, दिवेलागण

भाकऱ्या थापायच्या हायत, पण आधी लिहून घेते. आज लई खूश हाय मी.

नात स्नेहल हिचा उचगावात फोटो स्टुडिओ हाय. दुपारी तिनं मोठ्या कॉम्प्युटरात नेटचं नवं कार्ड बसवलं आणि लग्नाचे समदे फोटो दिसायचे बंद झाले. फोटो असतात कपाटातल्या काळ्या पेटीत, तारेनं त्या कार्डातनं कॉम्प्युटरला जोडलेल्या. पेटीवरचा हिरवा दिवा तर चालू! मग अडलं कुठं? उद्या गडहिंग्लजची नवरी अल्बम न्यायला येणार. पोरगी रडकुंडीला आली.

"दिवा हाय, तार हाय, पण कॉम्प्युटरला पेटीच सापडंना, आज्जी."

मला आपलं माझं लग्न आठवलं. माहेरची मी सोनाबाई, सासरी तांदळात नाव लिहून पार्वती केली. भावाचं पहिलं पत्र सोनाबाईच्या नावानं आलं. पोस्टमन म्हणाला, अशी कोण न्हाय इथं, आणि पत्र परत गेलं. मी चुलीपाशीच होते की! त्या हिरव्या दिव्यासारखी.

म्हटलं, "कार्ड नवं आलंय, तर नाव बदललंय का बघ."

"आज्जे, ते काय नवरी हाय व्हय?"

हसत हसत तिनं बघितलं, तर काय! कॉम्प्युटर चालवणाऱ्या त्या लिनक्सनं कार्डाला खरंच नवं नाव दिलेलं, सेटिंगात मात्र जुनंच. तिनं ते बदललं आणि फोटो आले! पहिल्याच फोटोत नवरा तांदळात नाव लिहितोय.

स्नेहल म्हणाली, "उद्यापासनं तूच बस दुकानात."

बसते की, मला काय! पण आज खाली सही सोनाबाई अशीच करणार.

सोनाबाई