पक्षी काचेत, पतंग वेलावर

मी, खाली सही करणार, वय एक्याऐंशी, संग्रहालयात जन्मभर मेलेल्या पक्ष्यांत पेंढा भरणारी बाई, डोके ठिकाणावर असताना व कोणी भरीस न घालता हे लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला सोबत आहे. सूनबाईंनी मागितला होता.

१. राहते घर मुलास. अट एकच: मागच्या भिंतीवरचा वेल कापायचा नाही. माझ्या दिरांच्या करड्या पतंगाच्या अळ्या दुसऱ्या कशाच्या पानाला तोंड लावत नाहीत, आणि हा पतंग आता या भिंतीपुरताच उरला आहे. गेल्या वर्षी मुलाने 'कीड लागली' म्हणून अर्धा वेल साफ केला, तेव्हा भाऊजी दोन दिवस जेवले नाहीत. गाडीची शेड तिथे बांधू नये. गाडी पावसात विरघळत नाही. वेल कापल्यास घर संग्रहालयाला जाईल.

२. काचपेटीतला गाणारा पक्षी संग्रहालयास. मी तो भरला तेव्हा 'असे ढीगभर आहेत' म्हणून त्यांनी परत केला होता. आता जगात एकही नाही. साहेबांनी स्वतः येऊन न्यावा, शिपाई पाठवू नये.

३. पक्षी मोठा की पतंग, हा माझा नि भाऊजींचा जुना वाद. ते म्हणतात, "वहिनी, तुमच्या पक्ष्याला सगळं आहे, फक्त जीव नाही. आणि तो गायचा हे ऐकलंय कोणी?" मी म्हणते, "तुमच्या पतंगाला पंख फुटले की तोंडच नसतं. खात नाही, बोलत नाही. असा पाहुणा परवडतो, पण कौतुक कसलं?"

खरे सांगायचे तर गाण्यापायी लोकांनी माझा पक्षी पिंजऱ्यांत घालून संपवला, आणि पतंगाकडे कोणी बघत नाही म्हणून तो संपत चालला आहे. मी पक्ष्याला गाताना कधीच ऐकले नाही. माझ्या हाती आला तो मेलेलाच. याचे मला फार वाईट वाटते. तेव्हा जो जिवंत आहे तो जिंकला, असे मी इथे मान्य करते. हे भाऊजींना मी असेपर्यंत कळू नये.

४. भाऊजींना काही नाही. ज्याला वाटा मिळतो त्याची साक्ष चालत नाही, असे वकील म्हणाले. माझा बारीक चिमटा त्यांच्याकडे आहे. ती देणगी नव्हे, मी आशा सोडली आहे. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, हेही वकील म्हणाले. भाऊजींनी वाचू नये.

स्थळ: मागचा व्हरांडा
दिनांक: वेलावर अळ्या दिसल्या तो सोमवार

सही: लिहून ठेवणारी

साक्षीदार पहिला: घरचे डॉक्टर

साक्षीदार दुसरा: धाकटा दीर. वाचून सही केली. वहिनी, मी लहानपणी ऐकला होता. फार गोड गायचा. वाद हरेन म्हणून बोललो नाही. संध्याकाळी चिमटा घेऊन येतो, तेव्हा शीळ घालून दाखवतो.