लाभ, एक, दोन

५ जाने., सोम.
८.१०ची बोट वर्सोव्याहून वेळेत. कुलाब्याला उतरेपर्यंत वीस पानं वाचली. आज पहिल्यांदाच पुढच्या बाकावर बसले. बोटीवरचा खलाशी सदा डोकी मोजत आला, माझ्यापासून सुरुवात. लाभ, एक, दोन... शेवटी एकतीस. तिकिटंही एकतीस. सुकाणूवरच्या पांडूकाका तांडेलांनी बोट सोडली.
काहीतरी खटकलं. काय ते कळेना.

६, मंगळ.
पोळ्या लाटताना कळलं. ह्यांच्या गावी भात मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मग थेट दोन. हे बोटीवर माणसंही तशीच मोजायचे. सदा ह्यांच्याच हाताखाली शिकला. त्याला वाटलं असणार, लाभ म्हणजे देवाचं नाव. ते घ्यायचं आणि मग एकपासून सुरू. हसू आलं, बऱ्याच दिवसांनी.
मग हात थांबला. असं मोजलं तर एक माणूस कमी भरायला हवा. रोज बरोबर कसं येतं?
पोळी करपली.

७, बुध.
सदाला सांगितलं. ओशाळला. "वहिनी, दोन वर्षं मीच मोजतोय. एकदाही चुकलं नाही."
म्हटलं, आज ह्यांच्यासारखं मोजून बघ. तिकिटं अठ्ठावीस, डोकी एकोणतीस. परत मोजलं. तेच. काकांनी एकेकाचं तिकीट हातात घेऊन पाहिलं. सगळ्यांकडे होतं. बोट वीस मिनिटं उशिरा. मागून कोणीतरी म्हणालं, एवढ्यात पोहत पोचलो असतो. कोणी हसलं नाही.
दोन वर्षं. म्हणजे हे ह्याच बोटीवरून पडले तेव्हापासून. शोधणारे चार दिवसांनी थांबले. काही मिळालं नाही.

८, गुरु.
आजही एक जास्त. काकांनी बाजूला घेतलं. ह्यांचं नाव न घेता म्हणाले, उद्या दर्याला नारळ देतो, सांगतो की त्याला आता बोटीवरून उतरवून घे. मोजणी जुळल्याशिवाय बोट नेणार नाही. मी मान हलवली. का हलवली.
चार दिवस भरल्या बोटीतही माझ्या शेजारी कोणी बसलेलं नाही. आज तिथे पिशवी ठेवली. उचलली तर खालून ओली.

९, शुक्र.
बोटीवरच लिहितेय.
काका नारळ घेऊन उभे. सदा माझ्यापाशी येऊन थांबला. हळूच म्हणाला, "वहिनी, कसं मोजू?"
"तुझ्या सवयीने मोज."
काकांनी ऐकलं. नारळ अजून हातातच.
लाभ, एक, दोन...
तिकिटं चौतीस. सदा शेवटच्या बाकाशी तेहतीसवर थांबलाय, दोन वर्षांत पहिल्यांदाच एक कमी. माझ्याकडे बघतोय. काकाही.
मी जरा सरकून शेजारी जागा केली. बोट अजून सुटलेली नाही.