ज्याचं नाव पुस्तकात नाही

गुरुजी, काल सकाळी पूजा आटोपल्यावर मी स्टूल लावून माळ्यावर चढलो आणि माझ्या पुस्तकाचे गठ्ठे एकेक करून खाली घेतले. सुतळी अजून तशीच होती, छापखान्यात बांधलेली. धूळ पुसावी म्हणून फडकं घेतलं, मग वाटलं, आता कशाला, आणि फडकं पुन्हा खिळ्याला अडकवलं. बायको दारात उभी राहून बघत होती. तिचं मत तिने पुस्तक छापून आलं त्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. "चांगलं लिहिलंय. पण एवढ्या पुस्तकात बाई एकच, आणि तीही पहिल्या प्रकरणात भाकऱ्या बांधून देते ती पुन्हा दिसत नाही. तो माणूस घरी आला का नाही, तिला कोणी सांगितलं का?" मी म्हणालो, आला ना, शेवटी आला. ती म्हणाली, "मग तिला एकदा दारात तरी उभी करायची."

तुम्हाला हे पुस्तक माहीत असायचं कारण नाही. मी आयटीआयला नाशकात होतो तेव्हाच तुम्ही गेलात. त्यानंतरचं माझं सगळं आयुष्य अंबडच्या एका कारखान्यात, लेथवर आणि मग तपासणी खात्यात गेलं. पण गोष्ट तुमचीच आहे. शनिवारची सकाळची शाळा, शेवटचा तास, आम्ही पडवी झाडून बसलेले आणि तुम्ही खांबाला टेकून सांगताय. घाटातून टपालाची पिशवी घेऊन धावणारा डाकवाला, त्याच्या हातात घुंगरांची काठी, आणि मागे तो. दर शनिवारी डाकवाला मोठ्या संकटात सापडायचा आणि तिथेच तुम्ही शाळा सोडायचा. आम्ही आठवडाभर त्याची काळजी करायचो. ती गोष्ट मी पस्तिशीत लिहायला घेतली आणि पंचेचाळिशी उलटल्यावर स्वतःच छापली. प्रकाशकांनी परत पाठवली होती. पहिली प्रत देवघरात ठेवून तिला हळदकुंकू वाहिलं. समोर तुमचा फोटो नव्हता, म्हणून देवाकडेच बघून नमस्कार केला.

आता तुम्हाला हसू येईल. अख्ख्या पुस्तकात मी त्याचं नाव घेतलेलं नाही. कुठे 'तो', कुठे 'रानातला', कुठे नुसती चाहूल. मला ते धाडसाचंही वाटलं नाही आणि कलेचंही. आपल्याकडे रानात त्याचं नाव घेत नाहीत, आणि पुस्तक तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत रानात आहे. मग घेणार कसं? लिहिताना मला एकदाही असं वाटलं नाही की वाचणाऱ्याला कळणार नाही. चिखलातला पंजा, फाडलेलं वासरू, गवतात हललेले पट्टे, वेशीवरचा शेंदूर फासलेला त्याचा दगड, दिवाळीच्या बारशीला त्याला दाखवलेला नैवेद्य, एवढं सगळं सांगितल्यावर नाव कशाला हवं? पण नाशकातल्या माणसांना हवं होतं.

कारखान्यात माझ्याशेजारी डबा खाणारा एक जण आहे. त्याने दोन दिवसांत वाचून काढलं आणि डबा उघडता उघडता म्हणाला, "मास्तर, जबरी लिहिलंय. पण तो दरोडेखोर शेवटी पोलिसांना सापडला का नाय?" मला सगळे तिथे मास्तर म्हणतात, मी मोजमापाची वही राखतो म्हणून. मी म्हणालो, कोणता दरोडेखोर? तर तो म्हणाला, "हे काय राव, तुम्हीच लिहिलं आणि तुम्हीच विसरले." दुसऱ्या एकाने मोबाइलवर पुस्तकाच्या फोटोखाली एकच ओळ टाकली, की लेखकालाच माहीत नाही मागे कोण लागलंय. तिसऱ्याने त्याच्या खालीच लिहिलं, इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती. दोघं एकाच पुस्तकाबद्दल बोलतात यावर माझाच विश्वास बसेना.

मग गंगापूर रोडच्या एका वाचक मंडळाने बोलावलं. महिन्यातून एकदा जमतात, बरेचसे निवृत्त. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. चहा झाला आणि वाद सुरू झाला. महाविद्यालयात शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या, त्या शांतपणे म्हणाल्या, "हा जो 'तो' आहे ना, हा मृत्यू आहे. लेखकाने फार संयमाने सांगितलंय." त्यांच्या समोर एक इंजिनियर बसले होते. ते म्हणाले, "अहो मॅडम, भूत आहे सरळसरळ. प्रत्येक साध्या गोष्टीत तुम्हाला मृत्यूच कसा दिसतो?" "तुम्हाला भूत दिसतं तसाच." सगळे हसले. एक तरुण मुलगी मला म्हणाली, "काका, राग मानू नका, पण पहिल्या पानावरच लिहून टाका ना काय आहे ते. मी निम्म्यात सोडलं." तेवढ्यात मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. "बिबट्या आहे हो. आमच्या सोसायटीच्या मागे आला होता, थांबा, व्हिडिओ दाखवतो." आणि तो मोबाइल हातोहात फिरला. गुरुजी, एक भेदरलेलं जनावर भिंतीला अंग घासत पळतंय आणि त्याच्या मागे पोरं मोबाइल धरून आरडाओरडा करत धावतायत. ते बघून मी मान खाली घातली.

मग बाईंनी म्हटलं, लेखक इथेच बसलेत, त्यांनाच विचारू. सगळे माझ्याकडे वळले. एक शब्द बोलायचा होता. नळाचं पाणी, पंखा, प्लास्टिकच्या खुर्च्या, आसपास मैलभर रान नाही. आणि माझी जीभ उचलेना. मी म्हणालो, "तुम्हाला जे वाटलं तेच." इंजिनियर म्हणाले, "हे बरंय, आमच्याकडूनच लिहून घ्या." पुन्हा हसू झालं, मीही हसलो. घरी येताना रिक्षात मला ओढ्याकाठची ती सकाळ आठवत होती. तुम्ही आम्हाला शाळेच्या कुंपणासाठी काट्या आणायला रानात नेलं आहे. ओढ्याच्या चिखलात मला तो पंजा दिसतो आणि मी आनंदाने त्याचं नाव घेऊन ओरडतो. तुमचा तळवा माझ्या तोंडावर येतो. मला दंडाला धरून तुम्ही पाण्यापाशी नेता. "चूळ भर. पुन्हा भर." मग खाली बसून माझ्या डोळ्यांत बघून म्हणता, "नाव घेणं म्हणजे हाक मारणं. हाक मारली की त्यालाही यावं लागतं. कशाला बोलावतोस?" शाळा येईपर्यंत तुम्ही माझा दंड सोडला नाहीत. मला वाटलं, रागाने.

त्या मंडळात कोणी मला वाईट बोललं असं नाही. पण मला एकच हवं होतं. कुणीतरी, एका तरी माणसाने, पुस्तक मिटून म्हणावं की हो, गुरुजी असंच सांगायचे. तुमचा आवाज माझ्या कानाबाहेर कुठेतरी उरलाय, एवढं कळलं असतं तर बाकी सगळ्यांचं म्हणणं मी आनंदाने सोसलं असतं. म्हणून एका रविवारी गावाकडे जायला पेठची एसटी धरली. आपल्या वर्गातला, माझ्या बाकावर बसणारा, आता रस्त्याला किराणा दुकान चालवतो. त्याला मी आधीच प्रत पाठवली होती. डोळ्यांमुळे त्याने ती सुनेकडून वाचून घेतली. त्याला 'तो' कोण हे विचारावंही लागलं नाही. सुनेने विचारलं तेव्हा म्हणे त्याने तिला गप्प केलं, "वाच पुढं, नाव नाय घ्यायचं." हे ऐकून मला एवढं बरं वाटलं की मी त्याच्या गुळाच्या ढेपेवरच बसलो.

मग तो म्हणाला, "पर ह्यो डाकवाला घाट उतरून पोचतो कसा?"

"गुरुजींनी सांगितलं तसा."

"नाय रे. पहिल्याच शनिवारी मेला त्यो. ओढ्यात नुसती घुंगराची काठी घावली. गोष्ट तिथंच सपली व्हती."

मी म्हणालो, काहीतरीच काय, वर्षभर चालली होती गोष्ट.

"चालली, तुझ्यापायी. तू असं भोकाड पसरलं की आखी शाळा हसली. पुढल्या शनिवारी गुरुजी म्हनले, मेला नव्हता, झाडावर चढला व्हता. मंग काय, दर शनिवारी झाडावर." त्याने गिऱ्हाइकाला साखर बांधून दिली आणि आवाज उतरवला. "त्यो गुरुजींचा आजा व्हता. गावात समद्यांना ठावं व्हतं. तू मामाकडं आलेला, भाईरचा."

"मग मला कोणीच का नाही सांगितलं?"

"तू रडतो म्हनून."

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसलो होतो आणि मला काही दिसत नव्हतं. तुमच्या आजोबांना तुम्ही दर शनिवारी, एका परक्या मुलासाठी, नव्या युक्तीने वाचवत होतात. ते वर्ष तुम्हाला कसं गेलं असेल? आणि मी त्या युक्त्या गोळा केल्या, त्यांना साहस म्हटलं, शेवटी डाकवाला पिशवी पोचवतो आणि घरी येतो असं लिहून ते छापलं. जे खरं घडलं तेवढंच माझ्या पुस्तकात नाही. मंडळातल्या त्या बाई म्हणाल्या होत्या मृत्यू. त्यांनी आपलं रान पाहिलेलं नाही, पण सगळ्यांत जवळ त्याच गेल्या, आणि मी हसलो. बायकोचा प्रश्नही बरोबर होता. भाकऱ्या बांधून देणाऱ्या त्या बाईला कोणी सांगितलं? आता पुन्हा लिहावं असंही नाही. खरी गोष्ट माझी नाही, ज्यांची होती त्यांनी ती एकदाच सांगितली आणि मी रडलो म्हणून मागे घेतली. तुम्हाला विचारावं तर तुम्ही नाही. मी हरिपाठ रोज म्हणतो, गुरुजी, पण या बाबतीत देवाकडेही मागण्यासारखं काही सापडत नाही.

म्हणून काल गठ्ठे खाली काढले. देवघरातली प्रतही उचलून त्यांच्यावर ठेवली. दहाच्या सुमाराला रद्दीवाला आला. त्याने काटा अडकवला, एकेक गठ्ठा लावला, आणि त्या सुट्या प्रतीवरचं कुंकू बघून हात मागे घेतला.

"साहेब, पोथी हाय का ही? पोथी आम्ही नाय घेत. गंगेवर सोडा, मला नको पाप."

"पोथी नाही."

"मग कशाचं हाय?"

बायको आत भांडी लावत होती. ती हातात ताट घेऊन दारात आली.

"वाघाचं," मी म्हणालो.

"मग ठीके," असं म्हणून त्याने ती गठ्ठ्यात खोचली, पोतं खांद्यावर घेतलं आणि जिना उतरून गेला. हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते मी देवघरात मोकळ्या झालेल्या जागेवर ठेवीन. एक मात्र सांगतो. दार लावल्यावर मी मोरीत जाऊन चूळ भरली, पुन्हा भरली. मग नळ बंद करून, कान देऊन बराच वेळ तिथेच उभा राहिलो. हाक मारली होती ना. कोणी आलं नाही.