उलटवलेल्या माशाबद्दल

चि. आनबांग यास दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझा रक्तदाब, तुझ्या बायकोचे, सू-युनचे, गुडघे आणि तुझा दिव्यांचा कारखाना, तिन्ही ताळ्यावर असतील अशी आशा करतो. (कारखान्याचं कुशल मी तत्त्वतः विचारू नये, पण तुझ्या पोटापाण्याची चौकशी करत राहीन असा आईला शब्द दिला होता, म्हणून विचारतो.) मी ठीक आहे. दोन दात कमी झाले, आवाज तेवढाच आहे. तो वापरायचा कुठे एवढाच प्रश्न. या वसंतात आमच्या चोंगछिंगचे वरचे साहेब एकाएकी पदावरून खाली आले आणि त्यांच्यामागोमाग बागेतले क्रांतिगीतांचे भोंगेही उतरले. आमच्या गाण्याच्या पथकातले चाळीस पेन्शनर आता त्याच चौथऱ्यावर पंखे घेऊन नाचतात. गेल्या वर्षी काय गात होतो, हे विचारलं की एकजात सगळ्यांना कमी ऐकू येतं.

लिहायचं होतं लग्नाबद्दल. अकरा महिन्यांपूर्वी वानशिंगच्या लग्नात, मुलीचा थोरला काका म्हणून, तू मला चार शब्द बोलायला सांगितलंस. चूक तुझी. ज्याने चाळीस वर्षं कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं त्याला चार शब्द सांगू नयेत. तरी मी आशीर्वादानेच सुरुवात केली होती. पण तुझा तो जाड अंगठीवाला मित्र पहिल्या टेबलावरून ओरडला, ‘‘गुरुजी, तुमच्याकडे म्हणे केक वाटतात! आधी भाजता तरी का?’’ सगळा हॉल हसला. तूही हसलास. मग मी थांबतो होय? त्या वर्षी अख्खा देश त्या एका केकवरून, म्हणजे देशाच्या संपत्तीवरून, भांडत होता. आमचं चोंगछिंग म्हणे, आधी नीट वाटा. तुमचं क्वांगतोंग म्हणे, आधी मोठा करा. मी सरकारी घरांपासून सुरुवात केली, खेड्यातून आलेल्या मजुरांना आम्ही शहराचे रहिवासी दाखले कसे दिले ते सांगितलं, आणि तुझ्या कारखान्यातल्या बायकांची पोरं हजार मैलांवर आजीजवळ वाढतात हेही सांगितलं. (ते आजही खरं आहे. त्यातलं अक्षर मागे घेणार नाही.) तू माझी बाही ओढत होतास. ‘‘दादा, खाली बस. लग्न आहे हे, सभा नाही.’’

तेवढ्यात वाफवलेला मासा आला. मानकऱ्यांनी वरची बाजू संपवली आणि मला उदाहरण सापडलं. ‘‘पाहा!’’ मी गरजलो. ‘‘वरच्या थरावर सगळे तुटून पडले, खालच्याकडे बघायला कुणी तयार नाही!’’ आणि काड्या खाली सरकवून मी अख्खा मासा उलटा केला. (आपल्या डोंगरात मासा उलटूनच खातात, तू लहानपणी माझ्याआधी उलटायचास.) हॉल चिडीचूप. मला वाटलं, भाषण लागलं.

मग नवऱ्या मुलाचे आजोबा उभे राहिले. लो आजोबा, जन्म मासेमारीत गेलेला. ‘‘गुरुजी,’’ ते हळूच म्हणाले, ‘‘माझी दोन पोरं आज समुद्रावर आहेत. आणि तुम्ही मासा उलटून माझ्यासमोर त्यांची होडी उलटी करता?’’ ते निघून गेले, मागोमाग तीन टेबलं रिकामी झाली. वानशिंग लाल पोशाख सावरत त्यांच्यामागे धावली. दारातून वळून मला म्हणाली, ‘‘मोठे काका, आजच्या दिवस तुम्ही हरला असतात तर काय बिघडलं असतं?’’

त्यांची पोरं सुखरूप परतली. पण लो आजोबा वानशिंगच्या हातचा चहा अजून घेत नाहीत असं सू-युनकडून कळलं, आणि तेव्हापासून मला झोप नाही. पोरीने काय केलं होतं? बोललो मी, भोगते ती.

आणखी एक तुला सांगायचं आहे. आमच्या मजल्यावरच्या थान मास्तरांनी भोंग्यांवर एक विनोद केला आणि सहा महिने ते दिसले नाहीत. मी तेव्हा जिन्यात उभा राहून ‘कायदा म्हणजे कायदा’ असं म्हणालो होतो. आता ते परतलेत. मला पाहून नमस्कार करतात, आणि माझी मान वर होत नाही. वाटपाबद्दल मी बरोबर होतो असं अजून वाटतं. बाकी बऱ्याच बाबतीत नव्हतो. हे सभेत कधी म्हणालो नाही, तुला लिहितो आहे.

सू-युनला सांग, गुडघ्यांना आल्याचा शेक दे.

तुझा दादा,
तिंगपांग

ता. क. क्वांगतोंगात पुन्हा पाऊल ठेवणार नाही, असं लग्नातून निघताना ओरडलो होतो. ते रागाचं बोलणं होतं.

ता. क. २. वानशिंगला मुलगी झाल्याचं कळलं. परवा महिना भरतो, तुम्ही लाल अंडी वाटाल, लो आजोबाही येतील. मला दाराजवळच्या टेबलावर बसव. त्यांच्यापुढे हात जोडून एकच वाक्य बोलायचं आहे. सू-युनला फोनवर ऐकवलं, तर तिने त्यातलं तीन चतुर्थांश कापलं. उरलेलं पाठ आहे.

ता. क. ३. पाकिटावर तिकीट कसं नाही म्हणशील. हे पत्र तुझ्या फाटकासमोरच्या चहाच्या दुकानातली वाढपीण आणून देईल. मी सकाळी सातपासून इथे बसलो आहे. तीनदा फाटकापर्यंत आलो, घंटेवर बोट ठेवलं, आणि दार उघडल्यावर पहिला शब्द काय बोलावा तेच सुचेना. म्हणून लिहायला बसलो. तूच खाली ये.