इन्स्पेक्टरचा हरवलेला भाऊ

३ जून
आज दिग्दर्शकाने बॉम्बच टाकला! दर गुरुवारी एक गुन्हा, अर्ध्या तासात उकल — हे म्हणे आता चालायचं नाही. "लोकांना टांगून ठेव. वर्षभर पुरेल असं काहीतरी आण."
नऊ वर्षं ही रेडिओ-मालिका लिहितेय मी. आई न चुकता ऐकते, कारण अर्ध्या तासात सगळं मिटतं. आमच्या घरात तेवढंच मिटतं.

५ जून
डोकं चालेना. शेवटी बोलून गेले — आपल्या मालिकेतल्या इन्स्पेक्टरचा धाकटा भाऊ हरवलाय.
"कुठून सुचतं गं तुला!" टेबलावर थाप मारत दिग्दर्शक.
कुठून सुचणार! आमचा दादा घरातून गेला त्याला बारा वर्षं झाली. ना चिठ्ठी, ना फोन. माझी मलाच शिसारी आली.

१२ जून
भाग संपल्यावर आई म्हणाली, "सापडेल ना गं तो?"
"बघू," म्हटलं मी. जीभ कशी झडली नाही माझी!
बारा वर्षं आई दाराला कडी लावू देत नाही. नुसतं लोटून ठेवायचं. "आला आणि दार बंद दिसलं तर?" पूर्वी मी भांडायचे. आता नाही.

१७ जुलै
दर भागात भावाचा एकेक माग. आधी घड्याळ, मग निनावी फोन. आठवड्याचा गुन्हा कुणाच्या लक्षातही राहत नाही. आई दुपारपासूनच रेडिओशी. धड जेवत नाही. "त्या फोनवाल्याला नीट विचारायला सांग ना तुझ्या इन्स्पेक्टरला!"

१८ जुलै
भावाचं संपवू या, दिग्दर्शकाला म्हटलं.
"वेड लागलंय का? तो सापडला की आपलं दुकान बंद!"

२४ जुलै
आई आज रेडिओसमोर हात जोडून बसली होती. बघवेना.

३० जुलै
लिहिलं. भाऊ हरवल्याच्या पहिल्याच वर्षी गेला, परक्या गावात, तापाने. इन्स्पेक्टर त्याची बॅग तेवढी घरी आणतो. मालिका थेट प्रसारित होते. शेवटची दोन पानं उद्या आयत्या वेळी नटांच्या हातात देईन. आईला सोडवतेय की फसवतेय, देव जाणे.

३१ जुलै
दिग्दर्शक काचेपलीकडे हातवारे करत होता. नंतर एवढंच — "उद्यापासून येऊ नकोस."
घरी आले तर आई शांत. "जेवून घे," म्हणाली. मग उठली आणि दाराला आतून कडी लावली. बारा वर्षांत पहिल्यांदा!

१ ऑगस्ट
सकाळी आई आंघोळीला गेली, तेव्हा मी ती कडी हळूच काढून ठेवली.