तीन ठिपके आणि दहा पाहुणे

नागाव, रविवार, १२ जानेवारी २०२५

आज सकाळी सव्वाअकरा वाजता ह्यांनी माझ्या खाटेशेजारी उभं राहून फोनवर आमच्या होमस्टेचं बुकिंग घेतलं. शनिवारी दहा माणसं, दोन्ही वेळचं जेवण.

"मिसेस ना? एकदम फिट. दुर्बिणीतून झालंय हो, पोटावर नुसते तीन ठिपके."

तीन ठिपके म्हणे. त्या ठिपक्यांतून गर्भाशयातल्या चार गाठी बाहेर काढल्या, ते कोण सांगणार? पोट चिरलं असतं तर दाखवायला लांबलचक व्रण तरी असता. मग दया आली असती? कोण जाणे. खोकला आला की मी पोटाशी उशी घट्ट धरते, ती दिसत नाही. ठिपके तेवढे दिसतात.

फोन संपल्यावर विचारलं, "अहो, दहा जणांचे नारळ कोण खवणार?"

"डॉक्टरच म्हणाले ना, हिंडतं-फिरतं राहायचं."

"हिंडायचं म्हणाले. विळीवर बसायचं नाही, वजन उचलायचं नाही, हेही तुमच्यासमोरच म्हणाले."

"अगं, बघू."

बघू म्हणजे मीच करायचं. लग्नापासून त्याचा दुसरा अर्थ निघालेला नाही.

कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी एक सवय चांगली लावली, तक्रार तोंडी करायची नाही. आत्ताच चिठ्ठी लिहून यांच्या चष्म्याखाली ठेवली आहे. बुकिंग रद्द केलं की स्वयंपाकाला बाई ठरवली, यांपैकी काय ते मंगळवारी संध्याकाळी सहाच्या आत लेखी कळवावं, खाली सही करून. नाहीतर सहा वाजून एक मिनिटाने पाहुण्यांना फोन मी करणार.